पुसलेल्या रेषा आणि सव्वा मूठ गहू

देवावर माझा अविश्वास कधीच नव्हता. पण विश्वास होता असे म्हणणेही प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. म्हसावदच्या शाळेत मी छत्तीस वर्षे भूमिती शिकवली, आणि जे सिद्ध करता येत नाही ते सारे पत्नीकडे सोपवून दिले. देवी कानबाई तिची, प्रमेये माझी, अशी आमची वाटणी होती. तिच्या उजव्या फुप्फुसात लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाची गाठ निघाली आणि ही वाटणी मोडली.

औषधांच्या फेऱ्यांनी गाठ लहान झाली, पण गेली नाही. उरलेला भाग श्वासनलिकेला चिकटून होता. तिला उताणे झोपता येत नसे. सुरतेच्या डॉक्टरांनी किरणोपचार, म्हणजे आमच्याकडे ज्याला 'शेक' म्हणतात तो, सुरू केला. आठवड्यातून पाच दिवस, आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही, असे त्यांनी बजावले होते. किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते गाठीवरच पडावेत आणि शेजारच्या निरोगी भागाला इजा होऊ नये, म्हणून रुग्णाला रोज अगदी एकाच स्थितीत ठेवावे लागते. त्यासाठी छातीवर आणि कुशीवर शाईच्या रेषा आखतात. त्या धुवायच्या नाहीत, अशी सूचना कागदावर छापलेली होती. ती मीच तिला वाचून दाखवली होती.

शेकाच्या पहिल्या आठवड्यानंतर कानबाईचा रविवार आला. आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी नारळाच्या रूपात ही देवी घरी बसवतात आणि सोमवारी सकाळी तिची पाठवणी करतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून दळतात. त्या पिठाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. आम्ही शनिवारी गावी आलो. रविवारी सकाळी न्हाणीच्या दाराशी ती अडून उभी राहिली.

"आंगवर शाई लिसनी कानबाईफुढे कशी बसू मी?"

मी विचार केला. फळ्यावर आकृती काढायची, मुलांनी ती वहीत उतरवून घेतली की फळा पुसायचा, ही माझी आयुष्यभराची रीत. यंत्राने माप टिपून घेतले असणार, आता आकृतीचे काय काम, असे मी ठरवून टाकले. तिचा हात वर होत नसे. मीच हळद आणि उटणे लावून तिचे अंग चोळले. शाई निघेपर्यंत चोळले. खरे सांगायचे तर त्या दिवशी मला देवीकडून काही हवे होते, आणि पत्नी नितळ होऊन तिच्यासमोर बसली तर मागणे पोहोचेल असे मला वाटले. शंकेखोर माणूस घाबरला की असा अर्धवट भाविक होतो.

सोमवारी पाठवणीला न थांबता पहाटेच्या गाडीने आम्ही सुरत गाठली. यंत्राच्या खोलीतून तंत्रज्ञ तरुण बाहेर आला. "ये निशान किसने मिटाए?"

मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "मीच पुशी टाक्यात, दादा."

आणि मी गप्प राहिलो. वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलाची पाठ थोपटणारा मी, बाहेरच्या बाकापाशी भिंतीकडे पाहत उभा राहिलो.

रेषा पुन्हा आखण्यासाठी पुन्हा स्कॅन करावे लागणार होते, आणि गुरुवारपर्यंत स्कॅनच्या खोलीत जागा नव्हती. तीन दिवसांचा खंड. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. शेजारच्या बाकावर अक्कलकुव्याचे एक शिंपी बसले होते, रशीदभाई. घशाच्या आजाराने त्यांचा आवाज अगदी खरखरीत झाला होता. शेक घेताना मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जो मुखवटा बसवतात, त्याच्या मापासाठी त्यांना त्याच खोलीत सकाळची वेळ मिळाली होती. त्यांनी सगळे ऐकले होते, आणि माझ्या छत्तीस वर्षांच्या मास्तरकीचेही बोलण्यात आले होते.

"मास्तर, खडूनी रेघ पुसाई गई ते कापडले कैची लावता येत नई," ते म्हणाले. "मन्हं काम गुरुवारले व्हई. भाभीले आधी जाऊ द्या."

त्यांचा शेक पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचा होता. माप गुरुवारी घेतले तरी चालेल, अशी डॉक्टरांनी खात्री करून दिली. त्यांना मात्र तेवढ्यासाठी पुन्हा अक्कलकुव्याहून यावे लागणार होते. माझ्याने राहवले नाही. तंत्रज्ञासमोरच मी म्हणालो, "रेषा हिने नाही, मी पुसल्या."

रशीदभाई हसले. "छत्तीस वरीस फळा पुसा म्हनतस तुम्ही. हातनी सवय कशी जाई?"

ती हसली, आणि हसता हसता खोकल्याने वाकली. दुपारी नव्या रेषा आखल्या गेल्या, आणि त्याच संध्याकाळी शेक मिळाला. पुढे खंड पडला नाही. महिन्याभराने ती उताणी झोपली, आणि मी कितीतरी वेळ तिच्या छातीचे संथ वरखाली होणे पाहत राहिलो.

पुढच्या श्रावणात तिने स्वतः गहू मोजले, आणि शेवटी रशीदभाईंच्या नावाने सव्वा मूठ टाकली. माझ्या थोरल्या वहिनींनी तिचा हात धरला. "रोट भाऊबंदना बाहेर जात नई, माय."

"मग बाहेर कोठे जाई ऱ्हायना?" ती म्हणाली. "माले भाभी म्हनस तो. देर शे मन्हा."

वहिनींनी तिचा हात सोडला. भाभी म्हणतो तो दीर, आणि दीर भाऊबंदांतला; सिद्धतेत खोट नव्हती.

कार्तिकात आजार उलटला. या वेळी रेषा आखण्यासारखे काही उरले नव्हते. ती घरीच, माझ्या हातात हात ठेवून गेली.

तिचे वर्षश्राद्ध झाल्यानंतर, यंदाच्या श्रावणात, गहू मी मोजले. सवयीने पहिली मूठ तिच्या नावाने भरली गेली आणि हात हवेतच थांबला. मग ती मूठ मी रशीदभाईंच्या नावाने सुपात सोडली. ते दुपारच्या एस.टी.ने आले, पाटावर बसले, आणि रोटाचा तुकडा पाण्यात भिजवून सावकाश संपवला.

मी देवीजवळ तिचे पुरते आयुष्य मागितले होते. मला आणखी एक श्रावण मिळाला, आणि तो मागितल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रशीदभाईंच्या रूपात, बाकावर येऊन बसलेला होता. आता मी काही मागत नाही. पाठवणीच्या सकाळी नारळ डोक्यावर घेतो, तिच्या वतीने, आणि नदीपर्यंत चालत जातो.