शेवटची अकरा पानं

काचबिंदूनं बाबांची नजर गेली तेव्हा मी नागपूरच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. राहायचो कामठीला. बाबांनी तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केली होती. आता ते दिवसभर ओसरीत बसून राहायचे. कोणी काही विचारलं तर एका शब्दात उत्तर.

कचेरीजवळच्या वाचनालयात विदर्भावरच्या पुस्तकांचं एक वेगळं कपाट होतं. इतिहास, जंगलं, कथा-कादंबऱ्या, सगळं आपल्याच मुलखातलं. हे कपाट वरच्या कप्प्यापासून खालपर्यंत बाबांना वाचून दाखवायचं, असं मी ठरवलं. ग्रंथपालांना सांगितलं, तर ते चष्म्यावरून बघतच राहिले. "अख्खं? बाई, त्यातली निम्मी मीच नाही वाचली."

संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले, की चहानंतर वाचन सुरू. गोंड राजांचा इतिहास बाबांनी मुकाट ऐकून घेतला. जंगलाच्या पुस्तकांशी मात्र ते भांडायला लागले. एकानं लिहिलं होतं, बायका झाडावर चढून मोहाची फुलं तोडतात.

"मोह कोणी तोडते का वं? तो पहाटे आपोआप गळते. बाया खालून वेचतेत. चूक आहे म्हणून लिही तिथं!"

वाचनालयाच्या पुस्तकात कसं लिहिणार? मी चुकांची वेगळी वही केली. बाबांचा चढलेला आवाज ऐकून आई पिठाच्या हातानं बाहेर आली होती.

कादंबरीला त्यांनी आधी नाहीच म्हटलं. "खोट्या गोष्टी मले नको सांगू." मी ऐकलं नाही. वैनगंगेकाठची एक विधवा, दिरांनी बळकावलेलं शेत परत मिळवायला कोर्टात गेलेली. चौथ्या दिवशी मी पिशवी खाली ठेवायच्या आत बाबांनी विचारलं, "आज निकाल आहे ना तिचा?"

निकालाच्या तोंडाशी आलो आणि पुढं पानंच नव्हती. कोणीतरी फाडून नेली होती.

"काहून थांबली?"

"पानं नाहीत, बाबा."

त्यांनी पाठ भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "राहू दे."

डॉक्टरांनी नजर परत येणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हाही ते एवढंच बोलले होते. माझं डोकंच फिरलं. राहू देणार नव्हते मी.

महिनाभर जेवणाच्या सुट्टीत नागपुरातली वाचनालयं पालथी घातली. आमच्या ग्रंथपालांनी गावोगावी पत्रं टाकली. अखेर वर्ध्याच्या एका शाळेतून उत्तर आलं: प्रत आहे. रजा टाकून गेले. तिथला कारकून म्हणाला, "बाहेरच्या माणसाले पुस्तक देता येत नाही."

"नेत नाही. इथंच बसून शेवटची अकरा पानं उतरवून घेते."

"अकरा पानं? काहून एवढा खटाटोप?"

"माझ्या वडिलांना दिसत नाही. त्यांना शेवट ऐकायचा आहे."

त्यानं स्टूल दिलं. थोड्या वेळानं स्वतःच खुर्ची ओढून जवळ बसला आणि पुस्तक हातात घेऊन मला मजकूर सांगू लागला. शाळा सुटली तरी तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी वाचलं. विधवा खटला जिंकते, शेत विकते आणि शहरात निघून जाते. बाबा उखडले. "एवढं लढून शेत विकलं? पटत नाही मले."

"तुम्ही राहिले असते का त्या दिरायच्या शेजारी?" आईनं आतून विचारलं. दोन दिवस दोघांचा वाद चालला होता.

माझ्या अक्षरातली ती पानं ग्रंथपालांनी पुस्तकात शिवून घेतली. कपाट चालूच राहिलं. सात वर्षं. खालच्या कप्प्यातली दोन पुस्तकं उरली होती तेव्हा बाबा गेले. तेरवी झाली, मी कामावर रुजू झाले आणि त्याच संध्याकाळी त्यातलं पहिलं घरी आणलं. आई ओसरीत येऊन बसली.