आक्काला आणायला जीप काढली

हौसाने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जीपवरची ताडपत्री बदलली. गेल्या वर्षीचा जेठ संपत आला होता. जुन्या ताडपत्रीची चाळण झालेली. एक टोक तिने धरलं, एक मी. बांधता बांधता ती म्हणाली, "मढ्यासारखी झाकून ठेवण्यापरीस एकदा चालू करा, नायतर विका तरी." मी म्हटलं, "तू दोरी ओढ." तिने ओढली आणि भाकरी टाकायला आत गेली. आठ दिवसांनी तिच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. दोन दिवस दवाखान्यात होती, मग गेली. माझी बायको. बेचाळीस वर्षांचा संसार.

आता सांगतो तो प्रवास यंदाच्या भाद्रपदातला. एकलहऱ्यातून निघायचं, पेठच्या पुढे डोंगरात एका पाड्यावर (वस्तीवर) जायचं आणि हौसाच्या मोठ्या बहिणीला, आक्काला, घेऊन यायचं. एका दिवसात जाऊन येण्यासारखं अंतर. मला पोचायला सव्वा वर्ष लागलं.

पितृपक्षातल्या नवमीला आमच्याकडे अहेव नवमी म्हणतात. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालायचं, साडी-बांगड्या द्यायच्या. गल्लीत सवाष्णी खूप. पण हौसाच्या पाटावर बसायला मला आक्काच पाहिजे होती, आणि आक्का माझ्यावर रागावलेली. हौसा गेली तेव्हा तिला मी कळवलंच नाही. पाऊस होता, तिकडे फोन लागत नव्हता, हे खरं. माणूस धाडता आला असता, हेही खरं. मला सुचलं नाही. तिला तेराव्यानंतर पेठच्या बाजारात कोणाकडून तरी कळलं. वर्षश्राद्धाला पोराने निरोप धाडला, तर उलटा निरोप आला, "ज्यानं कळवलं नाय त्यानं न्यायला यावं. मग बघते."

आक्काचे गुडघे गेलेले. डांबरी सोडल्यावर सहा किलोमीटर चिखल आणि मध्ये एक ओहोळ. भाड्याच्या दोन गाड्यांनी रस्ता ऐकूनच हात जोडले. राहिली जीप. मी थर्मलला (वीजकेंद्रात) राखेच्या कामावर होतो तेव्हा लिलावात घेतलेली, चारही चाकं ओढणारी. सात वर्षं जागची हलली नव्हती.

पहिली चूक मीच केली. नवीन बॅटरी आणली आणि टाकीतल्या जुन्याच डिझेलवर सेल्फ मारत बसलो. गाडी दोनदा खोकली, मग तेही बंद. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला एका मिस्त्रीकडे ओढून नेली. मिस्त्री माझ्याहून थोडाच लहान, पांढरी दाढी, तोंडात कायम लवंग. त्याने बॉनेट उघडलं, एअर फिल्टरमधून उंदराचं अख्खं घर काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"बाबा, भाडं घेत होते का यांच्याकडून?"

"चालू होईल का तेवढं सांग."

"होईल. पण सात साल उभी हाय. माणूस सात साल उभा केला तर त्याचे गुडघे बघायला लागतील का नाय? हिचं समदं बघायला लागंल."

त्याने समदं बघितलं. टाकीतून काकवीसारखा गाळ निघाला. मी सेल्फ मारून तो पंपापर्यंत ओढला होता, त्याबद्दल मला रोज एकदा ऐकवलं. क्लचप्लेट गंजून चिकटली होती, ती हातोडीच्या लाकडाने सोडवली. ब्रेकचे सिलेंडर जाम. रबराचे पाइप बोटाने दाबले की तुटत होते. मी रोज सकाळी बसने जायचो आणि स्टुलावर बसायचो. तो म्हणायचा, "घरी काम नाय का?" मी म्हणायचो, "नाय." मग तो मला पाने पुसायला द्यायचा.

नवव्या दिवशी त्याने डिझेलच्या लाइनीतली हवा काढली आणि म्हणाला, "मारा. पण एकदाच." मी मारला. आधी पांढरा धूर, मग काळा, मग ते जुनं धडधड. मिस्त्रीने लवंग थुंकली. मला लय दिवसांनी पोटातून मोकळं वाटलं.

"लगेच डोंगरात घालू नका," तो म्हणाला. "पहिली गर्दीत न्या. तापत नाय ना बघा." म्हणून मी लासलगावला नेली. मार्केटच्या तोंडाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत पाऊण तास चालू ठेवली. काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "बाबा, माल कुठंय?" मी म्हटलं, "माल नाय, तब्येत दाखवायला आणलीय."

अष्टमीला सकाळी निघालो. पंचवटी मागे पडली, पेठ रोड लागला. रामशेजचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला. सावळघाटात जीप दुसऱ्या गियरात कुरकुर न करता चढली. करंजाळीला थांबून भजी खाल्ली, पाणी बघितलं, ऑइल बघितलं, खाली वाकून गळती बघितली. काही नाही. त्या बाजूला गेलात तर भाद्रपदात जा. उतारावर नागली (नाचणी) टाचा उंचावून बघणाऱ्या पोरांसारखी उभी असते, खाली भाताची खाचरं, आणि हिरव्याचे इतके प्रकार की डोळ्याला काम लागतं.

डांबरी सुटली आणि लाल चिखल लागला. ओहोळापर्यंत आलो. पाणी घोट्याएवढं, पण पलीकडचा काठ लोण्यासारखा. मी फोर व्हीलचा दांडा ओढला आणि घातली. पाण्यातून निघाली आणि काठावर रुतली. रेस दिली तशी मागची चाकं खड्डा करत खाली गेली. मिस्त्रीला मी मनातल्या मनात सगळ्या शिव्या दिल्या.

वरून एक माणूस छत्री घेऊन येत होता. उभा राहून बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, पुढची चाकं फिरतच नाय."

"दांडा ओढलाय मी."

"मंग फिरत का नाय?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. या जीपला पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्ये एकेक टोपी असते, हब म्हणतात. चिखलात जायच्या आधी खाली उतरून ती हाताने फिरवायची, तेव्हाच पुढची चाकं जोर धरतात. मला ठाऊक होतं. पण मी कधी फिरवलीच नव्हती. हॅण्डब्रेक पहिल्यापासून नावालाच. मी ब्रेकवर पाय दाबून बसायचो आणि हौसा पदर खोचून उतरायची, दोन्ही फिरवायची, बॉनेटवर थाप मारायची. पंचवीस वर्षं. मी गावभर सांगत फिरलो की या गाडीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नाही.

उतरलो. चाकामागे दगड लावले. गुडघे चिखलात टेकून दोन्ही हब फिरवले. मिस्त्रीने ग्रीस भरलं होतं म्हणून फिरले. जीप बैलासारखी मान खाली घालून वर आली.

तो माणूस म्हणाला, "आधी कोण फिरवायचं?"

"बायको."

"मंग आणायची ना संगं."

"गेली ती."

मी गाडीत बसलो तरी त्याने छत्री माझ्या बाजूला धरली आणि पाड्याच्या वळणापर्यंत जीपसोबत चालत आला. पाऊस नव्हता.

पाड्यावर जीप लावून हब परत मोकळे केले. आक्का ओट्यावर उडीद पाखडत होती. साडू बाजेवर. मी पाया पडलो. तिने सूप थांबवलं नाही.

"साल होऊन गेलं. तेव्हा गाडी कुठं व्हती?"

"बंद होती."

"आन तोंड? ते बी बंद व्हतं?"

"होतं," मी म्हटलं. "चुकलो, आक्का. मला कायच सुचलं नाय."

"भैन व्हती माझी. माती द्यायला बी नाय भेटली."

मी उभाच राहिलो. उडीद पाखडून झाले. साडू म्हणाला, "बस रे, उभा काय राहतो." आक्का आत गेली आणि ताट घेऊन आली. नागलीची भाकरी, उडदाची घट्ट डाळ, खुरासणीची (कारळ्याची) चटणी. मी जेवलो. येणार का, हे विचारायचं धाडस होईना, आणि उद्या नवमी.

ताट उचलताना तिचं लक्ष माझ्या गुडघ्यांवर गेलं. "चिखलात लोळले का काय?"

मी हबचं सांगितलं. सगळं, शिव्यांसकट. आक्का ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"मला सांगायची ती," आक्का म्हणाली, "'आमच्या ह्यांना वाटतं गाडी हेच चालवत्यात.' वाटू दे म्हणायची. घरात शांती राहती." एवढं बोलून ती रडली. साडूने तोंड फिरवलं. मीही.

थोड्या वेळाने ती उठली, आत जाऊन गाठोडं बांधलं आणि साडूला म्हणाली, "गाईला पाणी दाखवा. दोन दिसांनी येते." जीपमध्ये चढवायला पाट ठेवावा लागला. ओहोळ दिसला तशी तिने माझ्या दंडावर बोट टोचलं. "थांबा. आधी उतरा. फिरवा. मंग चला." मी उतरलो, फिरवले, चाललो. कोटंबीच्या घाटात ती झोपली. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. इतकं निर्धास्त मी सव्वा वर्षात चाललो नव्हतो.

नवमीला गंगापूर रोडवरून पोरगा-सून आले. सुनेने पुरणाचा स्वयंपाक केला. आक्का पाटावर बसली, पोटभर जेवली, वर भात मागून घेतला. हिरवी साडी नेसली, बांगड्या भरल्या. हौसाचं जे राहिलं होतं ते झालं. मला वाटायचं गाडी नीट केली की काम झालं. ते तसं नव्हतं. गाडी मला फक्त त्या ओट्यापर्यंत नेणार होती, पुढचं चालत जायचं होतं. पण गाडी नसती तर तिथवरही गेलो नसतो. संध्याकाळी पोरं परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. हौसा गेल्यापासून चहा चौकातल्या टपरीवर प्यायचो, घरचा गॅस कधी पेटवला नव्हता. दोन कप चहा टाकला. आक्काला नेऊन दिला. तिने घोट घेतला, माझ्याकडे बघितलं.

"साखर कोणी शिकवली टाकायला?"

"कोणीच नाय."

"कळतंय," ती म्हणाली, बशीतला ओतून संपवला, आणि कप पुन्हा पुढे केला.