गाडीखाली शिरणारा विश्वनाथ

दिल्लीतल्या मराठी माणसाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी विश्वनाथला बोलावणं जायचं. एका सरकारी खात्याच्या मोटार वर्कशॉपमध्ये त्याने चौतीस वर्षं काढलेली. माणूस भलता तापट, राग कायम नाकावर. काखेत गोणपाट मारून यायचा, चहाला नाही म्हणायचा, भर रस्त्यात गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचा. बाहेर आला की विकणाऱ्याची बिनपाण्याची सुरू. एका दलालाने त्याचे पुढचे दोन दात पाडले होते, आणि यानेही त्या दलालाचं मनगट मोडून हिशेब चुकता केला होता. दात पुन्हा बसवायच्या भानगडीत तो पडला नाही.

लाख किलोमीटरच्या वर पळालेली गाडी घेऊच नये, असं कुणी म्हटलं की तो खेकसायचा. अरे, पळू दे की! इंजिन गार असताना चालू करून ऐका. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साका आहे का बघा, म्हणजे तेलात पाणी शिरलंय. मीटरचा आकडा चाळीस हजाराचा आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, तर विकणाऱ्याच्या कानाखाली द्या. बाकी सगळं दुरुस्त होतं. दोन मोडक्या गाड्या कापून एक केलेली गाडी मात्र माणूस खाते, आणि ते खालूनच दिसतं.

हे तो पुस्तकात वाचून बोलत नव्हता. सोळा वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीच्या, कुमुदच्या नवऱ्याने, अविनाशने, अशीच एक गाडी घेतली होती. दिवस दसऱ्याचा, साडेतीन मुहूर्तांतला. विकणारा मराठी, म्हणजे आपला माणूस. विश्वनाथच्या अंगात इस्त्रीचा कोरा पांढरा शर्ट. त्याने इंजिन ऐकलं, तेल बघितलं आणि झकास आहे म्हणून सांगितलं. दिवाळीनंतर मानेसरजवळ ट्रकचा नुसता धक्का लागला आणि गाडीचे मधोमध दोन तुकडे झाले. अविनाशला पत्र्यातून काढायला विश्वनाथच गेला होता. वेल्डिंगची जाडजूड रेघ त्याने तिथे पाहिली. ट्रकवाल्याला त्याने लोकांनी ओढून काढेपर्यंत बडवला, पण रेघेचं कुणाला सांगितलं नाही. कुमुदला अनुकंपेवर नोकरी लागली, सरोजिनी नगरात क्वार्टर मिळालं. नवऱ्याला ट्रकने मारलं, असंच ती आजवर धरून होती.

आणि आता पुन्हा दसरा. कुमुदच्या मुलीला, पद्मजाला, मानेसरच्या कारखान्यात नोकरी. रोज जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला येतो म्हणून गाडी घ्यायची होती. महाराष्ट्र मंडळातला शशिकांत गाडी घेऊन आला तो बॉनेटवर झेंडूचा हार घालूनच. एक लाख बावन्न हजार किलोमीटर, लपवालपवी नाही म्हणाला. कुमुदने त्याला पुरणपोळी वाढली आणि भावाला बजावलं, की माणूस मंडळातला आहे, सणाच्या दिवशी रस्त्यात लोळून शोभा करू नकोस.

विश्वनाथ गोणपाट काखेत मारून खाली उतरला. त्याने आधी पुढचा सीटबेल्ट ओढला. एरवी बाहेर न येणारा शेवटचा हातभर भाग बाहेर आला, आणि त्यावर तपकिरी डाग होता. पानाचा असेल काका, शशिकांत म्हणाला. विश्वनाथने गोणपाट अंथरलं आणि तो आत शिरला. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळ्या रंगाखाली तीच रेघ होती.

बाहेर आला तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याने शशिकांतची गचांडी धरली, त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं, पुढच्या सीटवर कोंबून तोच बेल्ट त्याला आवळला आणि गाडी रिंग रोडवर काढली. काटा नव्वदवर गेला. शशिकांतच्या नाकातलं रक्त शर्टावर गळत होतं. पुलाचा खांब समोर आला तरी विश्वनाथ ब्रेक दाबेना. तेव्हा शशिकांत हंबरडा फोडून म्हणाला, "काका, जोडलेली आहे ही! थांबवा, तुटेल!"

विश्वनाथने ब्रेक दाबून गाडी वळवली. परत गल्लीत येताच शशिकांतने सुटका करून घेतली आणि सीटखालचा पाना काढून विश्वनाथच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज पद्मजाने जिन्यातून ऐकला. विश्वनाथने दुसऱ्या हाताने त्याला मानेला धरून कुमुदसमोर गुडघ्यावर बसवलं आणि आता हिच्यासमोर बोल म्हणाला. तो बोलला.

कुमुद दसऱ्याच्या नव्या साडीनिशी गोणपाटावर आडवी झाली आणि गाडीखाली शिरली. बराच वेळ ती आतच होती. बाहेर आली तेव्हा साडीला तेल लागलं होतं. शशिकांतकडे तिने पाहिलंही नाही.

"दादा, तेव्हा ह्यांच्या गाडीखाली शिरला होतास?"

विश्वनाथ मोडका खांदा धरून उभा होता. इतकी वर्षं ज्या प्रश्नाला तो भीत होता, तो हाच. "नाही," तो म्हणाला. "नवा शर्ट होता."

कुमुदने त्याच्या थोबाडीत मारली. मग पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारली. ओठ फुटला तरी त्याने तोंड फिरवलं नाही. पद्मजाने आईचा हात धरला तेव्हा ती थांबली.

मग तिने गोणपाट उचलून झटकलं, त्याची घडी घातली आणि आपल्या काखेत धरलं.

"हे आता माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "पद्माची गाडी मी बघीन. तू फक्त काय बघायचं ते सांग."

आणि तिने पद्मजाला मामासाठी रिक्षा आणायला पाठवलं.