दहावी ब चा गुरुवारचा तास

"अवो सर, कुणाला सावधान करताय? ग्राऊंडवर कुत्रं बी न्हाय की."

हेडसर व्हरांड्यातून ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की एकदा त्यांनी शिपायाला हाक मारली तर शिरोलीच्या फौंड्रीतल्या कामगारांनी भोंगा झाला समजून जेवणाचे डबे उघडले. मी "विश्राम" असं खणखणीत ओरडलो आणि स्वतःच पाय फाकवून उभा राहिलो.

आणि कुत्रं नव्हतं हे खोटं. लिंबाखाली एक होतं, माझ्या प्रत्येक 'सावधान'ला उठून बसायचं. दहावी ब पेक्षा शिस्तीचं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. माझ्या शिट्टीची कीर्ती मोठी. ती वाजली की रंकाळ्यातल्या म्हशी पाण्याबाहेर येऊन रांगेत उभ्या राहायच्या. डावीकडून मोजा म्हटलं असतं तर त्यांनी मोजलंही असतं, पण म्हशींचं गणित कच्चं. दहावीचं त्याहून कच्चं, असं गणिताच्या सरांचं मत. म्हणून दिवाळी झाली की ते माझा गुरुवारचा तास मागून घ्यायचे. मागून म्हणजे काय, सरळ वर्गात जाऊन बसायचे. वाटेत गाठ पडली तर म्हणायचे, "तुमास्नी जरा इसावा."

विसावा तरी माणसानं किती घ्यावा? स्टाफरूममध्ये सगळे वह्या तपासत बसलेले. मला तपासायला काही नाही. चहा माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी यायचा, तोवर त्यावरची साय सुरकुतलेली. काही बोलावं तर मान वर न करता समोरून "हं" यायचं. घर कोडोलीला, मी इथं खोली घेऊन एकटा. त्यापेक्षा मैदान बरं. आज्ञा मीच द्यायची, मीच पाळायची, चुकलो तर स्वतःलाच एक फेरी. त्या हिवाळ्यात मी स्वतःला इतक्या फेऱ्या दिल्या, की सरळ पळत सुटलो असतो तर दिल्ली गाठली असती. तिथंही 'का आलास' असं कुणी विचारलं नसतं.

दर आठवड्याला टाचण वही मात्र भरावी लागायची. प्रत्येक तासापुढं त्याचं उद्दिष्ट लिहायचं आणि शेवटी 'साध्य झाले'. तास झालेला असो, नाहीतर गणितानं गिळलेला असो. सर्वांगीण विकास, साध्य झाले. खिलाडूवृत्ती, साध्य झाले. वहीत माझी दहावी ब एवढी विकसित झाली होती, की दारातून आत येताना आडवं व्हावं लागलं असतं.

त्या गुरुवारी हेडसर ओरडून आत गेले. मी लिंबाखाली बसलो, वही मांडीवर घेतली आणि लिहिलं: 'उद्दिष्ट: सांघिक वृत्ती. उपस्थित: मी. साध्य झाले नाही.'

वार्षिक तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले आणि शंभर पानांतून त्यांच्या हाताला नेमकं तेच लागलं. हेडसरांचा चेहरा फडक्यानं पुसलेल्या फळ्यासारखा झाला.

"हे तुम्ही लिहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब."

"किती तास झाले नाहीत?"

"दिवाळीपासनं एक बी झाला न्हाय."

साहेबांनी वही मिटली. हेडसरांना म्हणाले, "यांचा तास यांना द्या."

"दिला की साहेब," हेडसर म्हणाले. गणिताचे सर खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या बुधवारी शाळा सुटल्यावर मी मैदानात चुन्याची फक्की मारली. खो-खोच्या पाटीच्या रेषा इतक्या सरळ, की पन्हाळ्यावरून बघणाऱ्याला जमिनीला इस्त्री केल्यासारखं वाटावं. दोन्ही खांब नव्यानं रंगवले. शिट्टी उकळत्या पाण्यातून काढली. स्वतःच्या लग्नाला मी एवढी तयारी केली नव्हती. कुत्र्यालाही सांगून ठेवलं, उद्या तू प्रेक्षक.

गुरुवारी घंटा झाली. मी मधल्या रेषेवर उभा राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. जिन्यावर पाय वाजेनात. शेवटी मीच वर्गावर गेलो.

गणिताच्या सरांनी साहेबांचा शब्द पाळला होता. खुर्ची रिकामी होती. फळ्यावर कालचं प्रमेय तसंच होतं आणि सगळा वर्ग वह्यांत डोकं घालून बसला होता. कुणी बसवलेला नव्हता. आपला आपणच.

"चला रे," मी म्हणालो. "तास आपला हाय आता. खो-खो घेऊ."

मागच्या बाकावरचा एकजण अर्धा उठला. शेजाऱ्यानं त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं. मग पहिल्या बाकावरची मॉनिटर उभी राहिली. आठवीत ती माझ्या खो-खो संघात होती, आणि अशी पळायची की तिची सावली दमून मागं बसायची.

"काय गं," मी हसत विचारलं, "पळायचं इसरलीस व्हय?"

"न्हाय सर," ती म्हणाली. "भूमिती राहिलीया. आमी हितंच बसतो."