नालबंदाची जागा

रोज सकाळी चांदभाई थैलीच्या तळातला हातोडा काढायचा, तेलाच्या फडक्यानं पुसायचा आणि परत तळाशी ठेवून द्यायचा. मग पत्र्याच्या डब्यात मूठभर मसूर भिजत घालून झाकण घट्ट लावायचा. दिवसभर डबा पाठीवर डुचमळत राही. संध्याकाळी भिजलेली डाळ दोन उकळ्यांत शिजे आणि स्टोव्हचं रॉकेल वाचे. बसरा मागं पडलं, अंकारा मागं पडलं, हा नेम मात्र चुकला नाही.

चांदभाई काष्टीचा नालबंद. बैल दोरानं आडवा पाडून त्याच्या खुरांना पत्र्या ठोकणं हे घरचं काम. बाप गेल्यावर शनिवारच्या बाजारातली लिंबाखालची जागा त्याच्याकडं आली. एकोणसत्तरच्या दिवाळीत एक परदेशी जोडपं पाठीवर बोचकी घेऊन बाजारात आलं आणि तासभर त्याचं काम पाहत उभं राहिलं. त्यातला तरुण मोडक्या हिंदीत म्हणाला, आम्ही असेच फिरतो. कुठं द्राक्षं तोडतो, कुठं भांडी घासतो, आपल्या हातानं रांधून खातो. त्या दिवसापासून चांदभाईचं लक्ष कामात लागेना.

आईनं, मुबारकबीनं, ते ओळखलं. "जाऊन ये," ती म्हणाली. "न्हाईतर जल्मभर बैलाच्या पायाशी बसून सुस्कारे टाकशील."

पण बाजाराचा रिवाज होता. वर्षभर ज्याचा हातोडा वाजला नाही, त्याची जागा सुटली. श्रीगोंद्याचा फक्रुद्दीन नालबंद त्या लिंबावर डोळा ठेवूनच होता. बाजारातले जाणते सूर्यभान म्हणाले, "पुढच्या संक्रांतीपातुर थांबू. त्याच्या फुडं न्हाई."

"तवर ऐरण मांडून मी बसते," मुबारकबी म्हणाली.

"चाची, तू बैल पाडणार व्हय?" बाजारातल्या एकानं विचारलं.

"बैल न्हाई. ह्या फक्रुद्दीनला पाडीन."

फक्रुद्दीनसुद्धा हसला.

संक्रांत होताच मुंबईहून बोटीच्या डेकवर बसून चांदभाई बसऱ्याला उतरला. पुढं मालट्रकवाल्यांना हात करत गेला. कुठं टरबुजं उतरवली, कुठं खानावळीत ताटं विसळली. भाषा येत नव्हती, पण बाजार कळत होता. बाजार उठायच्या वेळी भाजीवाला कुठलाही असो, त्याचं मन मऊ होतं, हे त्याला काष्टीनं शिकवलं होतं. त्या वेळी तो जाई आणि कांद्याची पात, फ्लॉवरचे दांडे, मऊ पडलेले टोमॅटो असं काहीबाही घेऊन येई. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात डाळ चढे, तीत शिळा पाव कुस्करला जाई आणि वर आईनं बांधून दिलेल्या पुडीतल्या तिखटाची एक चिमूट. पुडी संपू नये म्हणून तो जेवताना तिच्याकडं फारसं बघत नसे.

सप्टेंबरात तो इटलीतल्या एका डोंगराळ भागात द्राक्षं तोडायला पोचला. हंगाम संपला, पावसानं सूर धरला आणि काम थांबलं. परतीचं भाडं जमलं नव्हतं. दारोदार काम विचारून झालं. सगळीकडं माना हलत. नोव्हेंबर उजाडला तशी त्याला रोज लिंबाची सावली दिसू लागली, आणि तिच्यात बसलेली आई.

अशातच त्याला एक म्हातारा शेतकरी लंगडा बैल ओढत नेताना दिसला. चांदभाईनं लांबूनच ओळखलं, पुढच्या उजव्या खुराची पत्री निखळलीय. गावातला पत्र्या ठोकणारा शहरात कारखान्यावर गेला होता, हे त्याला पुढं कळलं. त्यानं हातोडा काढून दाखवला. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं घरातून पत्र्या आणि खिळे आणले, अंगणातल्या लाकडी चौकटीकडं बोट केलं आणि पाणी आणायला आत गेला.

चौकट कशासाठी, ते चांदभाईला उमगलं नाही. त्यानं काष्टीत करतात तेच केलं. दोराचा वेढा टाकला, हिसका दिला आणि बैल अलगद आडवा पाडला.

म्हातारा बाहेर आला तो थेट गवत ओढायचं दाताळं उगारून. पाहुण्यानं बैल मारला, असंच त्याला वाटलं. तिकडं बैलाला त्या चौकटीत उभा बांधून पत्री ठोकतात. पाडलेला बैल त्यानं पाहिला होता तो फक्त मेलेला. चांदभाई पळाला नाही. मातीत बसून तो बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. शेतकऱ्याची म्हातारी पुढं आली, गुडघ्यावर बसली, तिनं बैलाच्या पोटाला तळवा लावला. श्वास शांत चालला होता. ती नवऱ्याकडं वळून दोनच शब्द बोलली. दाताळं खाली आलं.

एका खुराला दोन पत्र्या. हातोडा खूप दिवसांनी वाजला. दोर सुटताच बैल उठला, अंग झाडलं आणि चार पावलं सरळ चालला.

मग आसपासच्या वस्त्यांवरून बैल येऊ लागले. महिनाभर गोठ्याशेजारची खोली मिळाली, मक्याचं पीठही, आणि हळूहळू परतीचं भाडं जमलं. आधणाच्या पाण्यात पीठ मळून तो पातेल्याच्या पाठीवर भाकरी थापी. पुरुषमाणूस भाकरीला चापट्या मारतो, याचं म्हातारीला हसू येई. एकदा तिनं त्याच्या डाळीत पाव कुस्करून खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी वाडगा परत पुढं केला. त्या दिवशी तिखटाची पुडी झटकून रिकामी झाली.

संक्रांतीआधीच्या शेवटच्या शनिवारी तो दौंडला गाडीतून उतरून एसटीनं काष्टीला आला. लिंबाखाली मुबारकबी ऐरणीला टेकून बसली होती. चार हातांवर फक्रुद्दीन स्वतःच्या पेटीवर बसून होता, आणि एक शेतकरी बैल घेऊन दोघांच्या मधोमध घोटाळत होता.

मुबारकबीनं वर पाहिलं. मग म्हणाली, "लई बारीक झालास."

"तुझं तिखट सपलं."

फक्रुद्दीननं आपली पेटी उचलून खांद्यावर घेतली. "आलास ते बरं झालं गड्या," तो म्हणाला. "वरीसभर पाहतोय, चाचीला हितंच मुळ्या फुटतात का काय वाटलं."

मुबारकबी ऐरणीपासून सरकली. चांदभाईनं थैली लिंबाच्या बुंध्याला टेकवली, तळातून हातोडा काढला आणि शेतकऱ्याकडं वळला.

"पावणं, दोर धरा. बैल पाडायचाय."