आबांचा खोकला

आमच्या घरातल्या लोकांना प्रेम करायचं म्हटलं की समोरचा माणूस आडवा पडलेला लागतो. उभ्या माणसाची कुणी विचारपूस करत नाही. माझे सासरे, म्हणजे आबा, पोट दुखतंय म्हणून ओवा चावत ओसरीत येरझाऱ्या घालत होते, तेव्हा लेकीने साधा फोन केला नाही आणि धाकट्या मुलाने गाडी काढली नाही. मी दवाखान्यात चला म्हणाले, तर "तुला काय कळतंय" म्हणून मलाच गप्प केलं. पुढे आतडं फुटलं, घाण पोटभर पसरली, बारामतीला नेऊन पोट उभं चिरावं लागलं आणि घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागलं. तेव्हा सगळ्यांना एकदम बाप आठवला.

नवरा साखर कारखान्यात कामाला आणि हंगाम चालू, त्यामुळे दवाखाना माझ्या आणि नणंदेच्या वाट्याला आला. घरचा गाईंचा गोठा मी बघते. सकाळच्या धारा उरकून मी भवानीनगरहून बारामतीला जायची आणि संध्याकाळच्या धारांना परत यायची. बाकीचा वेळ कोऱ्हाळ्याची नणंद आबांपाशी बसायची. दीर येऊन जाऊन असायचा, म्हणजे यायचा कमी आणि जायचा जास्त.

आबा मशीनवरून सुटले आणि वॉर्डात आले, तेव्हा सर्जननी आम्हाला समोर बसवून सांगितलं. ऑपरेशन चांगलं झालंय, आता धोका छातीचा आहे. पोट दुखतं म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. पुन्हा नळी घालायची वेळ आली तर या वयात ती निघेलच, असं सांगता येत नाही. न कळण्यासारखं यात काही नव्हतं. नंतर फिजिओथेरपीची मुलगी आली. उशी पोटाशी घट्ट धरून जोरात कसं खोकायचं ते तिने करून दाखवलं. तीन रंगीत गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळीतून श्वास ओढून त्या गोळ्या वर उचलायच्या. दिवसातून बरेचदा खुर्चीत बसवा, धरून चालवा, टाके तुटत नाहीत, असं तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. नणंद प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. आमच्याकडे मान हलवण्याचा अर्थ, आवाज ऐकू आला, एवढाच असतो.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात शिरले तर कॉटभोवती लोणी भापकरचे पाहुणे उभे. आबा उताणे, सपाट. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. नणंदेने चटकन त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"आबा, खोकू नगा. टाकं तुटत्याल. दाबून धरा."

"घोटभर पानी द्या त्यास्नी, बसंल खोकला," एक पाहुणे म्हणाले.

आबांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत उबळ दाबली. पाहुण्यांनी हुश्श केलं. "हिमतीचा गडी हाय," असं प्रशस्तिपत्रही मिळालं. कफ आत ठेवल्याबद्दल माणसाचं कौतुक होताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"वन्सं, ते गोळ्यांचं यंत्र कुठाय?"

"पिशवीत हाय, केळ्यांच्या खाली. वहिनी, धड बोलवंना त्यांना, अन् तुमी वारा वढाय लावताय व्हय? काळीज हाय का न्हाय तुमास्नी?"

पाहुण्यांना बाहेर काढलं. आबांना खुर्चीत बसवलं तर नणंद तोंडाला पदर लावून व्हरांड्यात गेली. मी धारांसाठी घरी परतले की आबा पुन्हा आडवे होणार, हे मला माहीत होतं. तसंच झालं. दुसऱ्या सकाळी बघते तर खुर्चीवर पाहुण्यांनी आणलेली शहाळी मांडून ठेवली होती.

मग ताप चढला. श्वास कुत्र्यासारखा भराभर चालायला लागला, ओठ काळपट पडले आणि आबा परत आयसीयूत गेले. डॉक्टरांनी तोंडावर घट्ट मास्क बांधून हवा द्यायला सुरुवात केली. यावर निभावलं तर ठीक, नाहीतर नळी, असं सांगून ते आत गेले.

आम्ही दाराबाहेर बसलो. दिराने तपासाला सुरुवात केली.

"त्यास्नी खुर्चीत कुणी बसवलं व्हतं?"

"मी."

"तवाच वारं लागलं. आराम म्हून कसा तो दिला न्हाय तुमी."

मला रडू वगैरे आलं नाही. मला आमची गाय आठवली. मागे एक व्यायलेली गाय गोठ्यात बसली होती, उठेना. बसलेली गाय उठली नाही तर तिचे पाय जातात, अंगाला जखमा होतात आणि ती संपते, हे आमच्या भागात शेंबडं पोर सांगेल. याच दिराने शेजारचे गडी बोलावले, तिच्या पोटाखालून पोती घातली, आढ्याला दोर टाकून तिला उभी केली. ती हंबरत होती, लाथा झाडत होती, पण कुणी तिला आराम करू दे म्हणालं नाही.

"भावजी, गाय बसली तेव्हा काय केलं होतं?"

"काय करायचं? उठवली."

"तिला दुखत नव्हतं?"

"वहिनी, ते जनावर हाय. ह्यो बाप हाय आमचा."

"म्हणून त्याला कुजवायचा?"

यावर दीर उठून चहाला गेला. गाईचं नशीब चांगलं. ती दूध देते, म्हणून तिच्यावर कुणाची माया नाही.

आबा मास्कवर निभावले. थोडक्यात नळी टळली. पुन्हा वॉर्डात आणलं त्या दिवशी मी दिराला सांगितलं की आता धारा तुम्ही काढा, मी इथून हलणार नाही. नणंदेला कोऱ्हाळ्याच्या गाडीत बसवून दिलं. तिने गावभर सांगितलं, वहिनीनं बापापासनं तोडलं. सांगू दे.

आबांना ही व्यवस्था अजिबात आवडली नाही. लेकीच्या हातचा घास आणि पाय चेपून घेणं त्यांना मानवलं होतं. मी उशी घेऊन समोर आले की ते भिंतीकडे तोंड करायचे.

"आला हवालदार."

"उशी धरा, आबा. पोटाशी. अजून घट्ट."

"दुखतंय."

"दुखणारच. खोका."

"जनाची न्हाय तर मनाची तरी ठेव की गं."

"दोन्ही ठेवते. खोका."

ते मला, माझ्या माहेराला आणि माझं स्थळ आणलेल्या मध्यस्थाला शिव्या घालत खोकायचे. शिव्या द्यायला छातीत वारा लागतो, त्यामुळे मी अडवलं नाही. कफाचा हिरवा पिवळा गोळा ट्रेमध्ये पडला की त्यांचा आवाज मोकळा व्हायचा आणि पुढची शिवी स्पष्ट यायची. मग मी पोटाला लावलेल्या नळीची पिशवी एका हातात धरायची, दुसरा हात त्यांच्या काखेत घालायची आणि आम्ही व्हरांडा चालायचो. शेजारच्या कॉटवरची बाई नवऱ्याला म्हणाली, सून कसली म्हणायची ही. नवरा तिचा आडवाच होता.

आबा घरी आले. जखमेत पू झाला होता, तो दवाखान्यातच काढावा लागला. पाय काड्यांसारखे झाले होते. काही दिवस ते मधेच भ्रमात कारखान्याच्या मीटिंगला निघायचं म्हणून कपडे मागायचे. तेही हळूहळू थांबलं. छाती मात्र साफ राहिली. पुढे उन्हाळ्यात टाक्यांच्या जागी पोट फुगवटा धरून बाहेर यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, जखम पिकल्यावर असं होतं, पट्टा बांधा, तब्येत भरली की बघू. नणंदेला इतकं ऐकायची गरज नव्हती. ती आली, आबांचा सदरा वर करून बघितला आणि ओसरीत सगळ्यांसमोर म्हणाली, "बघा. म्या सांगत व्हते, खोकू देऊ नगा. हे कुणाचं काम?"

"माझं," मी म्हणाले.

 दीर जमिनीकडे बघत होता. आबांनी सदरा खाली ओढला, पट्टा स्वतःच आवळला आणि सुनेने पोटाची काय दशा केली ते दाखवायला काठी टेकत शेजारच्या वस्तीकडे चालू लागले. चांगली लांब आहे ती. नणंद मागून ओरडली, आबा, बसा, दम लागंल.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही.