जीनसाठी ग्लुटेन-फ्री ॲपल डोनट्स

मंडळी, आज घरी ग्लुटेन-फ्री ॲपल डोनट्स बेक केले आणि पहिल्याच बॅचला मस्त जमले!

इथे इंग्लंडमधल्या वॉटफर्डमध्ये आमची शेजारीण जीन दर ऑटमला तिच्या झाडाची सफरचंदं देते. मी तिला दिवाळीत शंकरपाळ्या देते. "लव्हली होत्या," असं ती दरवर्षी सांगते. काल तिचा नवरा डेव्हिड बोलता बोलता म्हणाला, तिला गहू अजिबात चालत नाही. शंकरपाळ्या सगळ्या तोच खायचा!

मला कसंतरीच झालं. आज नवा डोनट ट्रे आणला, ओटा घासून काढला. तांदळाचं पीठ, बदामाची पूड, दालचिनी आणि तिच्याच सफरचंदांचा आटवलेला गर घातला.

गरम गरम घेऊन गेले. जीन म्हणाली, "थँक यू लव्ह, डेव्हिडला आवडतील."

"हे तुझ्यासाठी आहेत. गव्हाचा कणही नाही."

ती दारातच उभी राहून खायला लागली. डेव्हिडने हात पुढे केला, तर तिने प्लेटच मागे घेतली. "तू खाल्लंस की इतकी वर्षं!"

आम्ही तिघंही खूप हसलो. यंदा तिला करंजी खिलवणारच. गव्हा-मैद्याशिवाय करंजीची पारी कुणी केली आहे का? तळताना फुटू नये म्हणून काय करता?